'लेट'च्या नोंदीवर पारखलेला ऑक्सफर्डचा शब्दकोश

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, इंग्रजी शब्दकोश मागितला की काउंटरवर दोन-चार जाडजूड पुस्तकं एकदम येतात. किती हजार शब्द आहेत हे बघत बसू नका. प्रत्येकात एकच विशेषण काढून वाचा : 'लेट'. लेट मार्क, लेट फी, गाडी लेट... शब्द रोजचा, म्हणून तो आपल्याला येतोच असं वाटतं. अर्ज लिहिताना मात्र हाच नेमका फसवतो.

'माय फादर इज लेट' याचा प्रमाण इंग्रजीत अर्थ एवढाच, की वडिलांना यायला उशीर झाला आहे. दिवंगत म्हणायचं असेल तर विशेषण नामाच्या आधीच हवं : 'माय लेट फादर'. उशिराचा अर्थ याच्या उलट वागतो, तो सहसा क्रियापदानंतर येतो : 'द ट्रेन इज लेट'. 'द लेट ट्रेन' म्हटलंत तर ऐकणारा सहसा रात्री उशिराची गाडी समजेल. मग ती अगदी वेळेवर सुटलेली असली तरी!

खिशात मावणारे इंग्रजी-मराठी कोश 'उशिरा, दिवंगत, अलीकडचा' असे अर्थ स्वल्पविराम देऊन ओळीनं मांडतात. अर्थ बरोबरच असतात, पण कुठला कुठे बसतो ते कळत नाही. 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' इथेच पुढे जाते. दिवंगत या अर्थाशेजारी 'फक्त नामाआधी' अशी चौकटी कंसातली सूचना असते, उशिराच्या अर्थाशेजारी 'सहसा नामाआधी नाही'. या दोन छोट्या सूचनांसाठीच हा कोश घ्यावा. व्याख्याही सोप्या, ठरावीक शब्दांत लिहिलेल्या असल्यामुळे दहावीच्या मुलालाही एका अर्थासाठी चार पानं उलटावी लागत नाहीत.

कालखंडाचा शेवट हा अर्थही इथे वेगळा मिळतो. 'लेट मे' म्हणजे मे महिन्याचे शेवटचे दिवस, 'लेट फॉर्टीज' म्हणजे साधारण सत्तेचाळीस ते एकोणपन्नास वय. 'लेटली' ही नोंद त्याच बैठकीत वाचा. तिचा अर्थ अलीकडे; 'तो उशिरा आला' हे 'ही केम लेट' असंच होतं. 'लास्ट' हे मुळात 'लेट'चंच जुनं तमभाव ('सर्वांत' दाखवणारं) रूप, पण आज 'लेटेस्ट' म्हणजे सर्वांत नवा आणि 'लास्ट' म्हणजे शेवटचा किंवा मागचा.

उणीव एक आहे, आणि मराठी माणसाला ती जाणवतेच. इंग्रजीतला हा 'लेट' बहुधा अलीकडच्या काळात गेलेल्या माणसासाठी असतो. आपलं 'कै.' शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या नावाआधीही चालतं, म्हणून १९२० साली गेलेल्या टिळकांनाही सहज 'द लेट' लावलं जातं, आणि ते इंग्रजीत खटकतं. कोशाची व्याख्या 'आता हयात नसलेला' एवढ्यावरच थांबते.

घेताना आवृत्ती बघा. दहावी २०२० ची आहे. रोजच्या वापराला जुनी आठवी-नववीही पुरते, 'लेट'चं व्याकरण काही बदललेलं नाही. जुन्या पुस्तकांत घेत असाल तर पान उजेडात धरा : मागची अक्षरं पुढे उमटत असतील, बारीक टाइप फुटलेला असेल, तर ती नकली छपाई समजून परत ठेवून द्या. चौकटी कंसातल्या सूचना बारीक अक्षरात असतात, आणि अशा प्रतीत आधी त्याच वाचता येईनाशा होतात.