आठ महिने वापरून: बॉस्टन सेल्टिक्स, सीझन २०२४-२५

बॉस्टन सेल्टिक्स ही अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली टीम. आधीच सांगतो, तक्रार मॅच बघायच्या पासची नाही. मॅच दाखवणारं ॲप ठीक चालतं. चित्र अडकतं ते आमच्या गल्लीतल्या केबलमुळे. तक्रार मालाची, म्हणजे टीमची आहे. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर बोनस आला, त्यातून वर्षाचा पास घेतला आणि जळगावात बसून सेल्टिक्सचा अख्खा सीझन पाहिला. मे महिन्यात जे पदरात पडलं ते लिहायला जून संपावा लागला, कारण त्याआधी लिहिलं असतं तर आईने वाचू नये असं काहीतरी लिहिलं असतं.

पहिल्या दिवशी माल असा होता की विचारू नका. २३ ऑक्टोबर, पहाटे पाच, समोर न्यूयॉर्क निक्स. २०२४ च्या विजेतेपदाच्या अंगठ्या वाटून झाल्या आणि मग आमच्या लोकांनी ६१ थ्री (लांबून टाकायचा तीन पॉइंटचा बॉल) टाकले, त्यातले २९ आत. एका मॅचमधल्या विक्रमाची बरोबरी. तिसावा पडावा म्हणून शेवटी जो तो टाकत सुटला आणि लागोपाठ तेरा हुकले. मी अंथरुणात बसून हसत होतो.

नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की आपल्याकडे मॅच सहाच्या सुमारास सुरू होते. हिवाळ्यात ही वेळ फार सोयीची. गोधडी, चहा, साडेआठला निकाल, मग अंघोळ उरकून एमआयडीसीत डाळ मिलवर. ८२ पैकी ६१ मॅच जिंकल्या. सीझनभरात १,४५७ थ्री पडले, तेवढे आजवर कोणत्याच टीमचे पडले नव्हते. निक्सशी चार मॅच, चारही खिशात. मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या; आधी चार मॅच जिंकेल तो पुढे. तिथे ऑरलँडोला ४-१ ने घरी पाठवलं आणि पुढच्या फेरीत परत निक्सच आले, म्हणून मी मिलमध्ये सगळ्यांना चहा पाजला. तो चहा मला अजून आठवतो.

आता मे. जळगावचा मे ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या, कूलर गरमच हवा फेकतो, म्हणून आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. मॅच पहाटे साडेचारला. मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवायचा, एका कानात इअरफोन, दुसरा कान आईच्या हाकेला मोकळा.

पहिली मॅच, ६ मे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये वीसने पुढे. ओव्हरटाइममध्ये १०५-१०८ ने गेली. ६० थ्री टाकले, १५ पडले, ४५ हुकले. प्लेऑफच्या एका मॅचमध्ये एवढे कोणाचेच कधी हुकले नव्हते. मी मिलमध्ये हिशेब लिहितो, त्यामुळे माझं डोकं लगेच उताऱ्याकडे गेलं. सीझनभर यांचा उतारा शंभराला ३७ च्या आसपास. त्या हिशेबाने ६० ला २२ यायला हवे होते. सात कमी आले, म्हणजे २१ पॉइंट. हरलो तिनाने. तुरीचा उतारा असा घसरला तर आमचा मालक मशीन थांबवतो, चाळण्या उघडून बघतो, मग पुढचं पोतं ओततो. यांनी मशीन चालूच ठेवलं.

दुसरी मॅच, ८ मे. त्या दिवशी नळाची पाळी. परत वीसची आघाडी, चौथ्या क्वार्टरमध्येही सोळाने पुढे, आणि खालून आई ओरडली, "ते पोरं कुठं पळून नाही चालले, नळ चालला जाईन!" गेलो. मोटर लावली, पाइप जोडला, ड्रम भरला. वर आलो तर ऊन टाकीवर आलेलं, स्क्रीन काळी दिसतेय, हात ओले म्हणून बोट लागेना. शर्टाला हात पुसून स्कोअर पाहिला आणि वाटलं, चुकून दुसरी मॅच लागली. शेवटच्या सेकंदांना आमचा हुकमी खेळाडू टेटम बॉल घेऊन आत शिरला आणि निक्सच्या मिकाल ब्रिजेसने तो हातातून काढून घेतला. ९०-९१. पहिल्या मॅचच्या शेवटी आमच्या जेलन ब्राउनकडून बॉल काढणाराही हाच. दोन मॅच मिळून १०० थ्री, पडले २५.

कॉलेजात आमचे सर होते. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, थ्रीची रेघ पावसाने धुऊन नेलेली. त्यांचा नियम एकच: लागोपाठ दोन हुकले की तिसरा बॉल आत घेऊन जायचा, नाहीतर ग्राउंडला पाच चकरा. मला तेव्हा ते जुनाट वाटायचं. वीसने पुढे असताना साधे दोन-दोन घेत बसले असते तरी पुरलं असतं हो. मिलमधला मित्र म्हणतो, याच थ्रीवर गेल्या वर्षी चॅम्पियन झाले तेव्हा गोड लागलं ना? लागलं. मी घेतलंच त्यासाठी होतं. म्हणून तर जास्त झोंबतं.

तिसरी मॅच जिंकलो. चौथी १३ मेला. टेटमने ४२ पॉइंट काढले, म्हणजे एकट्याने ओढली म्हणा. शेवटची तीनेक मिनिटं राहिली असताना तो पडला. शेजारी वडील जागे झाले होते. त्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण तरुणपणी आखाड्यात जायचे. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "याला कोणी ढकललं नाही. टाचेवरची नस गेली याची." नंतर बातमी तीच आली, ॲकिलीस तुटला. व्हीलचेअरवरून नेलं. मॅच ११३-१२१.

पाचवीत त्याच्याशिवाय १२७-१०२ ने जिंकलो, आमच्या डेरिक व्हाइटचे ३४ पॉइंट. ही जीत नसती तर बरं झालं असतं, कारण तिने १७ मेला मला परत उठवलं. हाफटाइमलाच २७ ने मागे. मी गाद्या गुंडाळून खाली आलो. ८१-११९, म्हणजे चौथी हार, सेल्टिक्स बाहेर.

त्या निक्सना पुढे इंडियानाने हरवलं, आणि २५ वर्षांनी कॉन्फरन्स फायनल (शेवटच्या फायनलच्या आधीची फेरी) दाखवणाऱ्या कोच टॉम थिबोडोला निक्सनीच काढून टाकलं. यात माझा काही फायदा नाही, तरी लिहून ठेवतो. इकडे जूनअखेर आमच्यांनी पगाराचा बोजा उतरवायला आपले दोन खेळाडू, पोर्झिंगिस अटलांटाला आणि हॉलिडे पोर्टलंडला द्यायचं ठरवलं. म्हणजे मी ज्याचा अनुभव लिहितोय तो माल आता सुटा करून विकायला काढलाय.

नोव्हेंबर ते एप्रिल पाचपैकी पाच. मे महिन्याला एक, तोही डेरिक व्हाइटचा. घ्यायचाच असेल तर नळाची पाळी संध्याकाळची आहे का ते आधी बघा.

वडील अधूनमधून विचारतात, तो पहिलवान चालायला लागला का. काल सांगितलं, अशा दुखापतीला वर्षभरही लागतं. त्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "मग पुढच्या वर्षी कोणाला पाहशीन?"