टर्नटेबलचा आवाज सुधारताना: आधी सुई बदलावी की फोनो प्रीॲम्प?

टर्नटेबल घेऊन काही महिने झाले, रेकॉर्ड मनापासून ऐकून झाल्या, की आवाज आणखी चांगला मिळावा असे वाटू लागते आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत हा प्रश्न उभा राहतो. या तुलनेसाठी मी ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी१२०एक्स हे डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याशिवाय थेट मोटरने फिरणारे टर्नटेबल समोर ठेवले आहे, कारण त्यासोबत येणाऱ्या एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजची (सुईची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाची) सुई बदलता येते आणि आत बसवलेला फोनो प्रीॲम्प, म्हणजे तो क्षीण संकेत वाढवणारा भाग, बंद करून बाहेरचाही जोडता येतो. दोहोंपैकी एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर माझे उत्तर सुई असे आहे. हिंदुस्थानी गायन ऐकणाऱ्यांना तर मी हे निःशंकपणे सांगेन.

याचे कारण रेकॉर्डच्या खाचेतच आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. फेऱ्यांचा वेग कायम असला, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१ सेंटीमीटर. तेवढ्याच वेळेचा आवाज तिथे निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, त्यामुळे वरच्या स्वरांची वळणे फार दाट होतात आणि बोथट टोकाची सुई त्यांच्यात नीट शिरू शकत नाही. आता ख्यालाची एखादी बाजू आठवून पाहावी. विलंबित सुरू होते तेव्हा सुई बाहेरच्या कडेला, ऐसपैस जागेत असते. द्रुत बंदिश आणि तिच्यातल्या ताना येईपर्यंत ती लेबलजवळ पोहोचलेली असते. गायकाचा वेग जिथे सर्वाधिक, तिथेच खाचेचा वेग सर्वांत कमी, आणि म्हणून सुईच्या टोकाच्या आकाराने पडणारा फरक सर्वाधिक तिथेच ऐकू येतो.

व्हीएम९५ मालिकेची मोठी सोय अशी, की सर्व सुया एकाच कार्ट्रिजवर बसतात. ‘सी’ सुईचे टोक गोल असते, ‘ई’चे लंबगोल, आणि ‘एमएल’ म्हणजे मायक्रोलिनिअर सुईची कड इतकी बारीक असते, की ती दाट वळणांचाही माग काढू शकते. जुनी सुई पुढे ओढून काढायची आणि नवी त्याच जागी सरकवायची, एवढेच काम असते. ‘ई’ आणि ‘एमएल’ या दोन्हींचा रेकॉर्डवरचा दाब साधारण २ ग्रॅमच असल्याने टोनआर्मचे (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याचे) वजनही नव्याने जुळवावे लागत नाही, फक्त तपासून घ्यावे. माझ्याकडच्या एका एलपीवर ‘ई’ सुईने बाजूच्या शेवटी ‘आ’कारातली तान फाटल्यासारखी वाटत असे आणि मागची हार्मोनियम तिच्यात मिसळून जात असे. ‘एमएल’ लावल्यावर त्याच तानेतला एकेक स्वर सुटा झाला आणि हार्मोनियम गळ्यापासून वेगळी, थोडी मागे बसलेली ऐकू आली. बाजूच्या सुरुवातीला मात्र फरक बेताचाच होता, हेही सांगायला हवे.

‘एमएल’ची किंमत ‘ई’च्या काही पट आहे, पण आयुष्यही मोठे आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार ‘ई’ सुमारे ३०० तास टिकते आणि ‘एमएल’ सुमारे १००० तास. एका एलपीला पाऊण तास धरला, तर हा हिशेब अनुक्रमे ४०० आणि १३०० रेकॉर्डींच्या घरात जातो. तिची उणी बाजू म्हणजे ती धूळही तितक्याच नेमकेपणाने वाचते. जुन्या बाजारातून आणलेल्या रेकॉर्ड न धुता वाजवण्याची सवय असेल, तर आधी स्वच्छतेचे साहित्य घ्यावे.

प्रीॲम्पची बाजू याहून वेगळी आहे. कार्ट्रिजमधून निघणारे जेमतेम ४ मिलिव्होल्ट तो सुमारे शंभर पट वाढवतो आणि रेकॉर्ड कापताना आरआयएए या ठरावीक प्रमाण-वक्रानुसार दबवलेला खर्ज व चढवलेले वरचे स्वर पुन्हा मूळ प्रमाणात आणतो. चांगला प्रीॲम्प घेतल्याने मिळते ती मुख्यतः शांतता: आलापातल्या विरामात तानपुरा विरत जातो तेव्हा त्यामागे सळसळ उरत नाही. हा लाभ खरा आहे आणि मला तो प्रियही आहे, परंतु सुईने खाचेतून जे उचललेच नाही ते कोणताही प्रीॲम्प परत आणू शकत नाही. विरामात सळसळ स्पष्ट ऐकू येत असेल किंवा सुई आधीच उत्तम असेल, तर मात्र क्रम उलटा करावा. घुरघुर असेल, तर खर्च करण्यापूर्वी अर्थिंगची तार घट्ट बसली आहे ना ते पाहावे. आणि ॲम्प्लिफायरला स्वतःचे फोनो इनपुट असल्यास टर्नटेबलवरचा स्विच ‘फोनो’वर ठेवून तेही ऐकावे, त्याला काहीच पैसे लागत नाहीत. नवा प्रीॲम्प निवडताना त्याची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) बघावी, कारण या कार्ट्रिजला केबलसह १०० ते २०० पिकोफॅरड पुरतात, आणि त्याहून बरीच जास्त झाली तर वरच्या स्वरांचा समतोल बिघडतो.

मॅट (रेकॉर्डखाली ठेवायची चकती) आणि महागड्या केबल यांचा फरक माझ्या कानांना या दोहोंच्या जवळपासही वाटलेला नाही. मॅटची जाडी बदलली, तर टोनआर्मची उंचीही पुन्हा जुळवावी लागते, हे विसरू नये.

यांतले काहीही विकत घेण्याआधी सुईचा दाब मात्र मोजावा. माझे कार्ट्रिज एका दुकानात बसवून घेतले होते आणि ताना फाटतात म्हणून मी कित्येक महिने रेकॉर्डलाच दोष देत होतो. डिजिटल काट्यावर सुई टेकवली, तेव्हा दाब १.३ ग्रॅम निघाला. दाब कमी ठेवल्याने रेकॉर्ड जपली जाते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तिच्या भिंती जास्त खराब करते. तो २ ग्रॅम केल्यावर निम्मी तक्रार तिथेच मिटली.

घरात लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड असतील, तर निर्णयात एक भर पडते. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असल्यामुळे ‘ई’ काय किंवा ‘एमएल’ काय, दोन्ही सुया तिच्या तळाशी घासत जातात आणि गाण्यापेक्षा खरखरच अधिक वर येते. त्यासाठी याच कार्ट्रिजवर बसणारी ‘एसपी’ सुई मिळते. ती लावताना दाब ५ ग्रॅम करावा लागतो आणि एलपीवर परतताना तो आठवणीने २ ग्रॅमवर आणावा लागतो.