गडद हिरव्या भिंतींच्या नावाखाली झालेली फसवणूक

बैठकीच्या खोलीला गडद हिरवा रंग देण्यासाठी ठेकेदाराने आमच्याकडून धुता येणाऱ्या उंची इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिक पेंटचे), राखाडी प्रायमरचे आणि रंगाच्या तीन हातांचे पैसे घेतले. प्रत्यक्षात भिंतीवर चढले ते स्टेनर (छटा देण्यासाठी मिसळायचा दाट रंग) कालवलेले साधे डिस्टेंपर, म्हणजे भिंतीचा स्वस्त रंग, आणि तेही एकाच हातात. हा प्रकार गडद रंगाच्या बाबतीत विशेष सहज खपतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

फिकट रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगीत द्रव्य मिसळून छटा तयार करतात त्या मूळ रंगात, टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य भरपूर असते आणि खालचा थर झाकण्याचे काम मुख्यतः तेच करते. गडद हिरव्यासाठी लागणाऱ्या बेसमध्ये ते फारच कमी असते किंवा नसतेच, कारण त्यात रंगीत द्रव्याचे प्रमाण मोठे ठेवावे लागते. त्यामुळे अस्सल रंगसुद्धा पहिल्या हातानंतर पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. म्हणूनच खाली राखाडी प्रायमर आणि वर दोन-तीन हात लागतात. नेमकी हीच गोष्ट ठेकेदाराने ढालीसारखी वापरली. भिंत डागाळलेली दिसते असे म्हटले की, ‘गडद रंग सुरुवातीला असाच दिसतो, सुकला की एकसारखा होईल,’ हे त्याचे उत्तर ठरलेले असे, आणि ते निम्मे खरे असल्यामुळे पुढे वाद घालणे कठीण जाई. रंग नेहमी उघड्या बादलीतून येई. सगळे डबे एकत्र केल्याने छटेत फरक पडत नाही, हे त्याचे स्पष्टीकरणही रंगकामातल्या खऱ्या पद्धतीवरच आधारलेले होते.

बिंग फुटले ते विजेच्या बोर्डाची पट्टी काढल्यावर. तिच्या कडेला रंगाचा पापुद्रा सुटला होता; नखाने तो उचलला तेव्हा हिरव्याच्या पातळ थराखाली थेट पांढरी पुट्टी निघाली, राखाडी प्रायमरचा मागमूसही नव्हता. मग ओले पांढरे फडके भिंतीवरून हलकेच फिरवले, तर ते हिरवे झाले. डिस्टेंपरमध्ये मर्यादेबाहेर स्टेनर घातला की त्याला धरून ठेवणारा चिकट घटक अपुरा पडतो आणि रंग हाताला लागतो. पूर्ण सुकलेल्या चांगल्या इमल्शनचा रंग असा फडक्यावर उतरत नाही. जाब विचारल्यावर ठेकेदाराने आधी भिंतीतल्या ओलीला दोष दिला आणि नंतर फोन घेणेच बंद केले.

नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. अशा भुकटी सुटणाऱ्या थरावर नवा रंग टिकत नाही, म्हणून सगळ्या भिंती खरवडून पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करावी लागली.

गडद रंग देणार असाल तर डबे आपल्यासमोर उघडायला लावा. मशीनवर छटा तयार करून दिलेल्या डब्यावर बेसचा प्रकार आणि छटेचा क्रमांक असलेली चिठ्ठी बहुधा असते. ती बिलाशी ताडून पाहा आणि तिचा फोटो काढून ठेवा. प्रायमर लागल्यावर भिंत स्वतः पाहिल्याशिवाय रंग सुरू करू देऊ नका. इमल्शनला पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात. तोवर पैशांचा शेवटचा हप्ता रोखून ठेवण्याची आणि ओल्या फडक्याची परीक्षा झाल्यावरच तो देण्याची अट काम सुरू होण्याआधी लेखी करून घ्या.