ज्युनो-106 च्या खरेदीत फसवणूक: व्हिडिओत काय दाखवलं, काय लपवलं

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका तरुणाने गेल्या उन्हाळ्यात रोलँड या जपानी कंपनीचा जुना ज्युनो-106 सिंथेसायझर (सिंथ), म्हणजे इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड वाद्य, मागवला. किंमत 95,000 रुपये, त्यातले 60,000 आधी यूपीआयने, उरलेले पार्सल सुटल्यावर. विकणारा परराज्यातला. "फुल सर्व्हिस्ड, सगळ्या व्हॉइस चिप नव्या" असं त्याने मेसेजमध्ये लिहून दिलं होतं. दोन मिनिटांचा व्हिडिओही पाठवला होता, आणि त्यात सिंथ खरोखर सुरेख वाजत होता. नागपुरात पोचल्यावर चार सुरांची कॉर्ड धरली की दोन सूर गायब. विचारलं तर उत्तर आलं, "वाटेत आदळला असेल, ट्रान्सपोर्टवाल्याला धरा." त्यानंतर नंबर ब्लॉक.

आदळून सहसा असं होत नाही. आदळल्यावर एखादी की तुटते, स्लायडरची टोपी निघते, सोल्डर चिरतं. ज्युनो-106 हा 1984 चा. त्यात सहा व्हॉइस, म्हणजे एकेक सूर वाजवणारे सहा स्वतंत्र भाग, आणि प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर व आवाजाची पातळी 80017ए या चिपच्या ताब्यात. या चिपवर काळ्या इपॉक्सीचा (कडक राळेचा) थर असतो. वर्षं गेली की त्या थरातूनच थोडी थोडी वीज गळू लागते. व्हॉइस आधी कुरकुरते, मग की सोडली तरी गुणगुणत राहते, शेवटी मुकी होते. या मॉडेलचं हे जगजाहीर दुखणं आहे. विकणाऱ्याला ते माहीत नसणं शक्य नाही.

व्हिडिओ त्याच मशीनचा होता. लबाडी वाजवण्यात होती. कोणता सूर कोणत्या व्हॉइसवर जाईल हे पॉली-1 आणि पॉली-2 ही दोन बटणं ठरवतात. पॉली-1 मध्ये प्रत्येक नवा सूर पुढच्या व्हॉइसवर जातो, म्हणजे सहा सुरांत सहाही व्हॉइस उघड्या पडतात. पॉली-2 मध्ये सूर एकेक सुटा वाजवला तर तीच ती व्हॉइस पुन्हा वापरली जाते. दोन्ही बटणं एकदम दाबली की युनिसन: सहाही व्हॉइस एकाच सुरावर, त्यात दोन मेलेल्या असल्या तरी आवाज जाडजूडच येतो. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला तेव्हा दिसलं की धून वाजताना पॉली-2 चा लाल दिवा लागलेला आहे आणि बेस वाजताना दोन्ही. कोरस, म्हणजे आवाज जाड आणि पसरट करणारा इफेक्ट, सुरुवातीपासून चालू, त्यामुळे कुरकुर झाकली. दोन मिनिटांत एकही कॉर्ड नाही.

मशीन उघडल्यावर उरलेलं कळलं. पहिल्या व्हॉइसची चिप नवी, बाकी पाचांवर मूळ काळा थर जसाच्या तसा. त्यातल्या दोन मुक्या, दोन कुरकुरणाऱ्या.

म्हणून पैसे देण्याआधी व्हिडिओ मागायचा तो असा. मशीन बंद करून "की ट्रान्सपोज" नावाचं बटण दाबून धरायचं आणि तसंच चालू करायचं. आता टेस्ट मोड लागतो. एकच की पुन्हा पुन्हा दाबायची, डिस्प्लेवर 1 ते 6 आकडे फिरतात, आणि प्रत्येक आकड्याला आवाज सारखाच यायला हवा. कोरस बंद. डिस्प्ले आणि बोट एकाच फ्रेममध्ये, मध्ये कट नाही, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद. हे मशीन चालू करून किमान अर्धा तास झाल्यावर करायला सांगा, कारण थंड असताना बरी वाजणारी चिप तापल्यावर दगा देते. नागपूरच्या मे महिन्यात तर हा दोष हमखास वर येतो. शिवाय चिपचा उघडा फोटो मागा. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून हा काळा थर सोलून काढता येतो. "अ‍ॅसिटोनने साफ केल्या" म्हणतो आणि फोटोत काळा थर दिसतो, तर तो खोटं बोलतोय.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलँडच्याच ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 या यंत्रांवर राग वाजवले होते. 2010 साली ते ध्वनिमुद्रण पुन्हा बाजारात आलं आणि अशा यंत्रांचं वेड आपल्याकडच्या मुलांनाही लागलं. ते वेड चांगलंच आहे. पण "आजच टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" हा डाव त्याच्याच जिवावर चालतो.

याच मशीनमागच्या पट्टीवर 100 व्होल्ट लिहिलेलं होतं. विकणाऱ्याने "इंडियन व्होल्टेज" सांगितलं होतं. सरळ 230 ला लावलं असतं तर नशिबाने फ्यूज उडाला असता, आणि कुणी आत जाड फ्यूज घातला असता तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता. पट्टीचा आणि सिरियल नंबरचा फोटो आधी घ्या. यावर उपाय स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. घरातला स्टॅबिलायझर इथे चालत नाही.

फसल्याचं कळताच त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. चॅट, मूळ व्हिडिओ, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जोडा. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत 318 आहे. या मुलाने ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडण्यात आठ दिवस घालवले, तोवर समोरचं खातं रिकामं झालं होतं.

शेवटी मशीन दुरुस्त करायचं ठरलं. पाचही जुन्या चिप काढून झाकणाच्या काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये तीन दिवस ठेवल्या. उन्हाळ्यात ते भराभर उडतं, रोज भर घालावी लागते. खिडकी उघडी आणि जवळपास आग नको. थर मऊ झाल्यावर हलक्या हाताने सोलला. घाई केली की चिपचे पाय (धातूच्या पिना) मोडतात. तीन चिप पूर्ण सुधारल्या. दोन गेल्या, त्यांच्या जागी नव्या बनावटीच्या चिप बाहेरून मागवाव्या लागल्या.