कुत्र्यासह द्राक्षमळ्यांची सहल : अकलूज की नाशिक?

सोलापूरहून कुत्रा गाडीत घेऊन वाइनचा प्रदेश पाहायचा झाल्यास दोन पर्याय समोर येतात. अकलूजजवळच्या मोटेवाडीतील फ्रॅटेली या वाइन कंपनीचे मळे आपल्याच जिल्ह्यात असून टेंभुर्णीमार्गे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते. नाशिक मात्र 400 किलोमीटरच्या आसपास असल्याने वाटेत वारंवार थांबून कुत्र्याला पाणी पाजावे लागते, पाय मोकळे करू द्यावे लागतात आणि त्याला ठेवून घेणारा मुक्कामही आधीच शोधावा लागतो. नाशिकची बाजू भक्कम आहे ती विविधतेमुळे. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला आणि पुढे दिंडोरीकडे आणखी वायनरी आहेत.

खरी काळजी दोन्हीकडे सारखीच. जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत वेलींखाली गळलेल्या मण्यांचा सडा असतो, आणि द्राक्षे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात; म्हणून पट्टा आखूडच धरावा. वाइन चाखण्याच्या दालनात कुत्र्याला प्रवेश आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे, कारण बंद गाडीत त्याला ठेवणे मार्चच्या उन्हात जिवावर बेतणारे आहे. (गाडी चालवणाऱ्याने अर्थातच घोटही घेऊ नये.) म्हाताऱ्या किंवा गाडी लागणाऱ्या कुत्र्यासाठी माझा कौल अकलूजला आहे, थंडीत तीन-चार दिवसांची सवड असेल तरच नाशिक.