आधी पर्सी की आधी अरू?

घरात दहा-बारा वर्षांचं मूल आहे, देव-राक्षसांच्या गोष्टींनी त्याचं पोट भरत नाही आणि आता एखादी जाडजूड इंग्रजी कादंबरी त्याच्या हातात द्यायचीय. अशा वेळी दोन पुस्तकांत गाडी अडते. एक रिक रायर्डनचं ‘द लाइटनिंग थीफ’ (2005), ग्रीक पुराणांवर बेतलेलं, नायक पर्सी जॅक्सन. दुसरं रोशनी चोक्शीचं ‘अरू शाह अँड द एन्ड ऑफ टाइम’ (2018), पांडवांवर बेतलेलं. हे दुसरं पुस्तक रायर्डनच्याच नावाने निघालेल्या प्रकाशनमालेतलं पहिलं, त्यामुळे घडण सारखी: बारा वर्षांचा नायक किंवा नायिका, अमेरिकेतलं शहर, हातात मोजके दिवस आणि पुढे पाच भागांची मालिका.

महाभारत आपलं, म्हणून आधी अरू, असं पटकन वाटतं. मी उलटं सांगेन.

पर्सीला काहीच ठाऊक नसतं, आणि आपल्या मुलांनाही ग्रीक देवांची फारशी ओळख नसते. दोघं एकदमच ठेचकाळतात. गणिताच्या बाई पंख फुटून अंगावर येतात तेव्हा पर्सीइतकंच वाचणारंही दचकतं. न्यू जर्सीत रस्त्याकडेला दगडी पुतळे विकणाऱ्या, डोक्यावरून कापड घेतलेल्या मावशी बर्गर खाऊ घालतात, तेव्हा मेड्युसा, म्हणजे नजरेने माणसांचा दगड करणारी ग्रीक राक्षसीण, माहीत नसलेलं मूल बर्गरच्या बाजूने असतं! ग्रीक देवांचं घर ऑलिंपस एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आणि पाताळाचं दार लॉस एंजेलिसमध्ये. या गमती सांगणारा पर्सी स्वतः, ‘मी’ म्हणून, सारखा फिरक्या घेत. वाक्यं छोटी. इंग्रजीत नुकतं रुळणाऱ्या वाचकाला हे फार सोयीचं पडतं.

पर्सीला अक्षरं तरंगताना दिसतात, एका जागी बसवत नाही, शाळेतून काढलं जातं. पुस्तक म्हणतं, तुझा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलाय आणि तुझी चुळबुळ लढाईच्या कामाची आहे. रायर्डनच्या मुलालाही डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरं अडखळणं) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ) होतं. त्याला रात्री सांगितलेल्या गोष्टींतूनच हे पुस्तक झालं. वाचायला कुरकुरणाऱ्या मुलासाठी एवढं कारण पुरे.

आणि गंमत म्हणजे आपल्याला पर्सीमध्ये कर्ण भेटतो. देवाचं पोर, पण बाप नाव सांगत नाही. देवांच्या मुलांसाठीच्या शिबिरात अशी बेवारस मुलं अकरा नंबरच्या खोलीत, प्रवाशांचा देव हर्मिस याच्या आश्रयाला, जमिनीवर दाटीवाटीने झोपतात आणि आपल्या देवाने कधीतरी खूण करावी म्हणून वाट बघतात. कर्णाची गोष्ट ऐकलेल्या मुलाला ही खोली समजावून सांगावी लागत नाही.

अरूचं वेगळं. अटलांटातल्या संग्रहालयात राहणारी, वर्गात थापा मारणारी ही पोरगी बढाईपायी शापित दिवा लावते आणि जगाचा अंत सुरू होतो. ती इंद्राची, तर सोबतची मिनी धर्मराजाची. बस्, आपलं मूल लगेच बोटं मोजतं: अर्जुन झाला, युधिष्ठिर झाला, मग भीम कुठेय? हा आनंद पर्सीत नाही. पांडव मुली आहेत, हेही झकास. पण जे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक, ते अमेरिकी वाचकासाठी सावकाश उलगडून सांगितलंय, तिथे आपलं मूल लेखिकेच्या पुढे पळतं. ‘असं नव्हतंच’ म्हणून वादही घालतं. माझ्या भाचीने घातला, मला तो पुस्तकापेक्षा जास्त आवडला. मिनी मात्र अप्रतिम: मधमाशीपासून मरणापर्यंत सगळ्याला घाबरते आणि तरी पुढे जाते.

परदेशात वाढणाऱ्या, महाभारत तुटक ऐकलेल्या मराठी मुलांसाठी मी क्रम उलटवेन. अरू आणि तिच्या घरचं अवघडलेपण त्यांना जवळचं वाटेल.

पालकांसाठी एक सूचना. पर्सीचा सावत्र बाप जुगारी आहे, आईवर हात टाकतो, आणि त्याचा निकाल सौम्य नाही. नऊच्या आतलं मूल असेल तर ते पान सोबत वाचा. 2010चा सिनेमा मात्र आधी दाखवू नका, त्यात पर्सी थेट हायस्कुलात पोचलाय. 2023मध्ये सुरू झालेल्या टीव्ही मालिकेत सुरुवातीला तो बाराचाच आहे.