३२ देऊन ३२च आणलं, वर साडेसहाशे मोजले

आमचं घर पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला. आजूबाजूला बांधकामं चालू, दिवसभर खडी-वाळूच्या डंपरची ये-जा. म्हणून गेटवर साधा वायफाय कॅमेरा लावलाय, आत ३२ जीबीचं कार्ड. चित्र छान यायचं, पण रेकॉर्डिंग दहा-बारा सेकंदांचंच. माणूस गेटपाशी येताना दिसायचा, पुढे काय केलं त्याचा पत्ता नाही. ही म्हणायची, "हा कॅमेरा बघत नाही, नुसते डोळे मिचकावतो."

एम. जी. रोडवर एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, कार्ड लहान आहे ना, म्हणून तुकडे पडतात. २५६ टाका, महिनाभर बघायला नको." किंमत साडेसातशे. जुनं कार्ड दिलं तर शंभर कमी. पाकीट नावाजलेल्या कंपनीचं, छपाई चकचकीत. ऑनलाइन त्याच नावाचं कार्ड दोन हजारांच्या वर दिसत होतं, ते मी त्याला दाखवलंही. "आमचा माल डायरेक्ट येतो काका." मला तेवढं पुरलं. स्वस्तात मिळालं की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो, निदान मी तरी थांबलो. निघताना त्याने माझ्या मोबाइलवर दाखवलं, "घरी कार्ड घातलं की इथे 'सतत' करा."

खरी गंमत त्या शेवटच्या वाक्यात होती. तुकडे पडत होते ते 'हालचाल झाली तरच' या सेटिंगमुळे, कार्ड लहान म्हणून नव्हे. आमचा कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला ०.९ जीबी, दिवसाला २१-२२ जीबी. 'सतत' केलं असतं तर जुन्या कार्डावरही सलग दीड दिवस बसला असता, एक पैसा न घालवता. आणि २५६ खरं असतं तरी बाराच दिवस. महिनाभर कुठून आणणार होता तो?

घरी अ‍ॅपने २५६ जीबी दाखवलं. दुसऱ्या दिवशी मागे जाऊन पाहिलं, तर आदल्या रात्रीचं सगळं सलग. ही पण खूश. पुढे आठ दिवस धुळ्याला लग्नासाठी गेलो. तिथूनही मी रोज मोबाइलवर गेट बघायचो, म्हणजे थेट चित्र, आणि निर्धास्त व्हायचो. थेट चित्राला कार्ड लागतच नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

परत आलो तर गेटचा उजवा खांब कललेला, कंपाउंडच्या विटा आत पडलेल्या. शेजारचे आबा म्हणाले, मंगळवारी दुपारी डंपर मागे घेताना धडकला, नंबर काही दिसला नाही. साइटवरचा मुकादम म्हणाला, "आमचाच कशावरून? रेकॉर्डिंग दाखवा." मी ऐटीत मोबाइल काढला. मंगळवारची पट्टी दिसत होती, वेळ दिसत होती. दाबलं की काळा पडदा आणि फिरणारं चक्र. कार्ड लॅपटॉपला लावलं, फायलींची नावं आहेत, आकार आहे, एकही उघडेना.

भाच्याने त्यावर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. रात्रभर चाललं, दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला: शाबूत जेमतेम ३० जीबी, बाकी सगळं गायब. अशा कार्डाच्या आतली चिप खोटं बोलायला लावलेली असते. मोबाइल, कॅमेरा, लॅपटॉप सगळ्यांना ती २५६ सांगते. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं एकतर जुन्यावर चढतं, नाहीतर कुठेच जात नाही, आणि कॅमेऱ्याला मात्र 'लिहिलं' असंच कळतं. म्हणून पहिला दीड दिवस सगळं नीट होतं, आणि मी तपासलं ते नेमकं त्यातच.

म्हणजे मी चांगलं ३२ चं कार्ड देऊन ३२ चंच कार्ड घेऊन आलो होतो!

दुकानात गेलो तर तोच पोरगा, "कार्डला वॉरंटी नसते." माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, नुसती चिठ्ठी. पैसे यूपीआयने दिले होते तेवढं नशीब. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक आणि तपासणीचा फोटो घेऊन परत गेलो. या वेळी मालक बाहेर आले आणि वाद न घालता साडेसहाशे हातावर ठेवले. इतक्या सहजपणे, की असा मीच पहिला नसणार. खांबाचे नऊ हजार मात्र माझेच गेले.

आता जीएसटीचं बिल घेऊन कॅमेऱ्यासाठीचं 'एंड्युरन्स' कार्ड आणलंय, १२८ चं. कॅमेऱ्यात घालायच्या आधी तीच तपासणी केली, मगच फॉरमॅट केलं. पावणेसहा दिवस बसतात. दर रविवारी पाच दिवसांपूर्वीची एक फाइल उघडून बघतो, चहा होईपर्यंत.

जुनं कार्ड परत मागितलं, तर म्हणाले विकलं गेलं. ते मी पुसून दिलं नव्हतं. आम्ही किती वाजता बाहेर पडतो, किल्ली कुठल्या कुंडीखाली ठेवतो, सगळं त्यात होतं. कुंडी बदलली आहे.